तहानलेल्या चवळीवरचा मावा

पाणी तुटलेल्या झाडाशी किडे कसे वागतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय. कॉलेजात जागा मिळेना, म्हणून नंदनवन वस्तीतल्या आमच्या गच्चीवर चवळीच्या चाळीस कुंड्या मांडल्या. निम्म्यांना रोज पाणी, निम्म्यांना जगण्यापुरतं. प्रत्येक झाडावर सारखाच मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, सोडला आणि आईनं मच्छरदाणी कापून शिवलेल्या पिशव्या वरून बांधल्या.

तहानलेलं झाड दुबळं, त्यावर मावा जास्त वाढणार, असं मी धरून चालले होते. झालं उलटंच. कोरड्या झाडांवर तो वाढेचना. मी चक्रावले. त्यातच आठ दिवस यवतमाळकडे कापसाची शेतं पाहायला जावं लागलं. मोजणी आईला शिकवून गेले.

परतले तर आई दारातच म्हणाली, "रागावू नको वं. पाच कोरडी झाडं माना टाकून राहिली होती. मले पाहवलं नाही. दोनदा पाणी घातलं त्यायले."

"काहून घातलं? सगळं वाया गेलं!" मी ओरडलेच.

तिनं जुनं कॅलेंडर पुढे केलं. पाठीमागे तिच्या गोल अक्षरात रोजची मोजणी होती. पाणी दिलेल्या कुंड्यांना लाल दोरा बांधलेला. आई सातवीपर्यंत शिकलेली. लग्नाआधी दुसऱ्यांच्या वावरात निंदण करायची.

"हे पाय," ती म्हणाली, "सुकून मंग पाणी भेटलं ना, त्याच झाडावर मावा जास्त. वावरातबी असंच होये. उघाड पडून एखादी सर आली, का शेंडे माव्यानं चिकट."

आकडे खरंच तसे होते. पण पाच झाडांवरून काही सिद्ध होत नाही. पुढच्या हिवाळ्यात मी तिसरी रांग लावली: आधी तहान, मग पाणी, पुन्हा तहान. मावा तिथेच सगळ्यांत जास्त फोफावला. पार सुकलेल्या झाडातून त्याला रस ओढता येत नसावा. मधेच पाणी मिळालं की रस वाहतो आणि तो पौष्टिकही असतो, असं कारण मी प्रबंधात मांडलं. त्या प्रकरणात आईनं पाणी घातल्याचंही लिहिलं आणि निरीक्षक म्हणून तिचं पूर्ण नाव छापलं.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. "या कोण? कुठल्या विभागात असतात?"

"माझी आई. मागच्या रांगेत बसली आहे."

सगळ्या माना वळल्या. आई पदर सावरत उभी राहिली. त्यांनी विचारलं, "पाणी घातलं हे लपवावंसं नाही वाटलं?"

"लपवून कसं चालन, साहेब? लेकीचं काम खोटं पडलं असतं."

परीक्षकांनी आईला हात जोडले. पुढच्या प्रश्नांची उत्तरं मी काय दिली ते आज आठवत नाही. आवाज मात्र एकदाही कापला नाही.