सगुणची गाठ

चवथ जवळ आली की सुर्ल्यात सगुणला घरोघरून हाका यायच्या. माटोळी म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. तिला रानातली फळं-फुलं केवणीच्या झाडाच्या सालीनं बांधायची, आणि गाठ मारावी तर सगुणनंच. एरवी हा खनिजाच्या ट्रकावरचा ड्रायव्हर. ‘सगुणची गाठ काही केल्या सुटत नाही,’ असं गाव म्हणे आणि तो मिशीत हसे. गर्व होता की! माणसाला एवढा तरी असू द्यावा.

मग आली दोन हजार बारा सालची चवथ. भर आरतीत त्याच्याच घरच्या माटोळीतलं लालभडक कवंडळ निसटलं आणि मूर्तीपुढं फुटलं. त्याच दिवसांत खाणी बंद पडल्या, ट्रक गेला. सगुण डिचोलीत रिक्षा चालवू लागला, बिऱ्हाड भाड्याच्या दोन खोल्यांत आलं. बायको चंद्रावतीनं दोन्हींची सांगड घातली. नवऱ्याची गाठ सुटत नाही, मग फळ देवानंच पाडलं असणार. आपल्याच हातून सेवेत काही चुकलं म्हणून ती मनातून खचली. पुढच्या चवथीला माटोळीचं नाव काढू दिलं नाही.

चौदा साली चवथीच्या तोंडावर लेक सुविधा कॉलेजातून नवंच काही ऐकून आली. चंद्रावती भाजी चिरत होती, सगुण चहा पीत होता.

“बाबा, दीर्घिका म्हणजे ताऱ्यांची वस्ती. त्यातली एक अगदी खुजी सापडलीय. आपल्या सूर्याचा सगळ्यात जवळचा शेजारी जेवढा लांब, तेवढ्या जागेत तिथं हजारो तारे.”

सगुणचा कप हातातच राहिला. एवढं एका चौकटीत बसवायचं म्हणजे काय खायचं काम आहे?

“आणि आपटत नाहीत?”

“क्वचित. दाटी असली तरी मध्ये जागा असते.”

“पण अशी वस्ती झाली कशी?”

“काही जण म्हणतात, आधी ती मोठी होती. शेजारच्या बलाढ्य दीर्घिकेनं बाहेरचे तारे ओरबाडून नेले. मधला गाभा तेवढा उरला.”

चंद्रावतीची विळी थांबली. “आणि तो गाभा मोडणा नाय?”

“नाही आई. त्या ताऱ्यांनीच एकमेकांना धरून ठेवलंय.”

ती पुन्हा भाजी चिरू लागली. दुसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, “ल्हानशी माटोळी करा. पण काय पडता कामा नये.”

सगुण हरखला. हातभर चौकट घेतली आणि मोठ्या माटोळीतलं सगळं तिच्यात आणायचं ठरवलं. कुठला दोर लांब, कुठला आखूड. फळांनी लगडलेला सुपारीचा शिपटा वर, आंबाडे त्याखाली, कवंडळ आणखी खाली. एवढी दाटी, पण फळाला फळ लागत नव्हतं. शेजारी येऊन माना वर करून बघत राहिले.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी कवंडळ पडलं.

चंद्रावतीचा चेहरा पांढराफटक झाला. सगुणनं वर पाहिलं. गाठ जशीच्या तशी होती, तिच्यात सुकलेला देठ अडकलेला. देठ वाळला आणि फळ सुटलं, एवढंच झालं होतं. तो ते सांगणार, तोच चंद्रावतीनं विचारलं, “तुमची गाठ सैल रवली काय?” विचारलं कसलं, हात जोडल्यासारखं मागितलंच.

देठाचं सांगितलं असतं, तर देठ कुणी सुकवला हे तिनं देवालाच विचारलं असतं.

“व्हय,” सगुण म्हणाला. “सैलच रवली.”

“मगे त्या वर्षीय?”

“त्या वर्षीसुद्धा.”

चंद्रावती मटकन खाली बसली, आणि रडता रडता हसायला लागली. तेवढ्यात सगुण स्टुलावर चढला, ती धडधाकट गाठ कोयतीनं कापली आणि देठासकट खिशात टाकली.

आता डिचोलीत चारचौघांत कुणी जुनं बोलणं काढलं, सगुणची गाठ म्हणून, की चंद्रावती मध्येच सांगते, “सुटता हो. दोनदा सुटली.” लोक हसतात. सगुणही मान डोलावतो.