देवघराशेजारचा पिंजरा

माझ्या घरात एक उंदीर आजारी होता आणि त्याच्या आजारपणात मी देवाशी अबोला धरला होता, असं सांगितलं की ऐकणारा आधी हसतो. हसू द्यावं. मीही हसलो असतो. आयुष्यभर ज्या माणसानं स्वयंपाकघरात उंदरासाठी सापळा लावला, सापडलेला उंदीर सकाळी हर्सूल तलावाकडे नेऊन सोडला आणि घरी येऊन साबणानं हात घासघासून धुतले, त्याच माणसानं साठी उलटल्यावर एका उंदराचं नाक कोमट पाण्याच्या कापसानं पुसावं, याला काय म्हणायचं? पण झालं तसं झालं. त्या दिवसांत मला जे मिळालं ते कुणापाशी तरी बोलायला हवं म्हणून हे लिहितो.

दाणू माझ्या मुलीचा. शेंगदाण्याच्या रंगाचा, पांढऱ्या पोटाचा. तो पाळीव जातीचा आहे, आपल्या मोरीतला नव्हे, हे ती आल्यागेल्याला बजावून सांगायची. त्याला एक भाऊही होता. मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली, तिथल्या घरमालकिणीनं मांजर चालेल पण उंदीर नको म्हणून सांगितलं आणि दोघे माझ्याकडे राहिले. माझी पत्नी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मुलगी म्हणाली, "बाबा, थोडे दिवस सांभाळा, मी दुसरी खोली बघते." ती खोली तिनं अजून बघितलेली नाही. मला वाटतं, तिनं त्यांना माझ्यावर सोपवलं नव्हतं, मला त्यांच्यावर सोपवलं होतं.

पत्नीला दमा होता, हे आधी सांगायला हवं. आमचं मूळ गाव पिशोर. तिथे आई रोज संध्याकाळी धुपाटण्यात गोवरीचा निखारा घेऊन त्यावर ऊद आणि राळ टाकायची आणि घरभर फिरवायची, पार गोठ्यापर्यंत. म्हशीसुद्धा त्या धुराकडे तोंड करून उभ्या राहायच्या. शाळेतून उशिरा आलो तर गल्लीच्या तोंडाशीच कळायचं की आईची दिवाबत्ती झाली. तो वास अजून नाकात आहे. मग लग्न झालं आणि पहिल्याच आठवड्यात नवी नवरी धाप लागून अंगणात जाऊन बसली. शहरात बिऱ्हाड केलं तेव्हा आईनं धुपाटणं सोबत दिलं, पण ते कायमचं माळ्यावर गेलं. मी अधूनमधून कुरकुर करायचो, की धूप नाही तर पूजा झाल्यासारखी वाटत नाही. पत्नी वात वळता वळता म्हणायची, "अहो, तुमच्या देवाला कधी धाप लागत नाही, म्हणून बरंय त्याचं."

गणपतीत आमच्या कॉलनीत मंडळी घरोघर आरतीला जातात. कुणाच्या तरी हातात धूप असायचाच. मी दरवर्षी दारात उभा राहून तेच वाक्य बोलायचो, "धूप बाहेर ठेवा हं, घरात दम्याचं माणूस आहे." ते इतकं अंगवळणी पडलं होतं की मुलगी लहानपणी भातुकली मांडून बाहुलीच्या दारात उभी राहायची आणि तेच म्हणायची. आम्ही दोघं पोट धरून हसायचो, आणि हसता हसता पत्नीला खोकला यायचा.

ती गेली आणि महिन्याभरात मी माळ्यावरून धुपाटणं खाली काढलं. अडवणारं कुणी नव्हतं. संध्याकाळी घर इतकं गप्प व्हायचं की नको वाटायचं. निखाऱ्यावर ऊद टाकला की निदान आई घरात आल्यासारखी वाटायची. खरं सांगायचं तर त्या दिवसांत तेवढाच एक आधार मला उरला होता.

दाणूचा भाऊ आधी शिंकायला लागला आणि बघता बघता गेला. मुलगी फोनवर रडली, मी मात्र तिला धीर देण्यापुरताच हळहळलो. मग दाणू शिंकायला लागला. रात्रंदिवस छातीत घरघर, जणू आत कुणी सुपारी कातरतंय. एक दिवस त्याच्या नाकाशी लालसर काही दिसलं आणि रक्त समजून मी त्याला तसाच उचलून घेऊन गेलो. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टर बाई वयानं लहान, पण बोलायला स्पष्ट. ते रक्त नाही, आजारपणात यांच्या डोळ्या-नाकातून असा लाल स्राव येतो, असं त्यांनी सांगितलं. छातीतला हा आजार या प्राण्यांत बहुतेकांना असतो, मुळापासून जात नाही, नुसतं जपायचं. धूळ टाळा, भुसा नको, सुती कापड घाला. मी सगळं केलं. पत्नीची जुनी सुती पातळं फाडून त्याचं अंथरूण केलं. पेरूच्या गरात औषध कालवून भरवलं. तोवर मला कळून चुकलं होतं की हा गेला तर या घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं कुणी राहणार नाही.

पिंजरा तोवर बाल्कनीत होता. शेजारच्या सिंधूताई मूळच्या सोयगावच्या, मनानं फार चांगल्या. त्या एकदा येऊन म्हणाल्या, "काका, ह्याला बाहेर कशाला ठेवलंय? गणपतीचं वाहन हाय ते. देवापाशी ठेवा, धूप लागू द्या. लई लवकर बरं व्हईल बघा." मला ते इतकं पटलं की त्याच संध्याकाळी देवघराशेजारी चौरंग मांडून त्यावर पिंजरा ठेवला. घरातली सर्वांत मानाची जागा. कॉलनीत बातमी फिरली आणि बायका पिंजऱ्याला हात जोडून जायला लागल्या. देवळातल्या मूषकाच्या कानात सांगतात तशी एकानं दाणूच्या कानात नोकरीची इच्छासुद्धा सांगितली. मी धूप वाढवला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि जरा जास्त वेळ.

दाणू खालावत गेला. बरगड्या भात्यासारख्या वरखाली व्हायच्या. शेंगदाणा पुढे केला तर नुसता हुंगायचा आणि मान फिरवायचा. मी देवासमोर बसून चांगलाच भांडलो. म्हटलं, माझं माणूस नेलंस, मी काही बोललो नाही. हे तर तुझंच वाहन, याची तरी लाज राख. मग बोलणंच बंद केलं. पूजा मात्र सोडली नाही. नवराबायको भांडली तरी डबा भरला जातोच, तसं चाललं होतं. अबोला धरून बसलेला मी आणि तो, आणि मधे धूर.

आज वाटतं, इतकी साधी गोष्ट मला कळू कशी नये? बायकोसाठी अर्धं आयुष्य धूप बंद ठेवलेला माणूस मी. पण धूर म्हणजे चुलीचा, कचऱ्याचा, रस्त्यावरच्या ट्रकचा. पत्नीला सोसत नव्हता तो दोष तिच्या दम्याचा; धूप तो देवाचा, त्यानं बरं वाटतं, असंच माझ्या डोक्यात बसलं होतं. पत्नी उठून अंगणात तरी जाऊ शकत होती. दाणूला मी मानानं कोंडून ठेवलं होतं.

एका सकाळी तो हातात घेतला तर मान टाकत होता. टोपलीत घालून, वर देवघरातला पंचा झाकून दवाखाना गाठला. आत कुणाचं तरी कुत्रं होतं, त्यामुळे बाकड्यावर बसलो. शेजारी बुरखा घातलेल्या एक वयस्कर बाई मांजर घेऊन येऊन बसल्या. क्या है, भाईसाब, असं त्यांनी विचारलं तेव्हा मांजरीसमोर उंदीर म्हणायची मला पंचाईत वाटली. तरी सांगितलं. त्या हसल्या नाहीत. आपली पिशवी मधे ठेवून त्यांनी मांजर पलीकडच्या बाजूला घेतली. मग पंच्याकडे जरा वाकून, वास घेऊन विचारलं, "घर में ऊद जलाते क्या?" मी हो म्हणालो, आणि जरा अभिमानानंच म्हणालो.

"हमारे यहाँ बी हर जुमेरात को लोबान होता था. इसकू साँस की तकलीफ हुई तो मैं छोड दी," त्या मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "अल्ला धुएँ के बगैर बी सुन लेता, भाईसाब. इनकी छाती इत्तीसी रहती."

मला पुढचं ऐकूच आलं नाही. वात वळणारे ते हात डोळ्यांसमोर आले, आणि ते वाक्य, तुमच्या देवाला कधी धाप लागत नाही म्हणून बरंय त्याचं. मी त्या बाकड्यावर, अनोळखी बाईंच्या शेजारी, डोळे पुसत बसलो.

डॉक्टर बाईंनी धुराचं ऐकून कपाळाला हात लावला. दाणूला प्राणवायूच्या पेटीत ठेवलं, इंजेक्शन दिलं. म्हणाल्या, आता माझ्या हातात फार नाही, पण रोज वाफ दिली तर बरं, त्यासाठी नेब्युलायझर घ्यावा लागेल.

मी म्हणालो, "घरी आहे."

पत्नीचं ते मशीन तिच्या शालीत गुंडाळून मी माळ्यावर ठेवलं होतं, धुपाटण्याच्याच जुन्या कोपऱ्यात. त्या दिवशी मशीन खाली काढलं आणि धुपाटणं घासून, पुसून त्या कोपऱ्यात ठेवलं. पिंजरा देवघरापासून उचलून तिच्या खोलीत नेला, ती जिथे पाठीला उशी लावून बसायची त्या खिडकीपाशी. दाणूला प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवून नळी लावली आणि बटण दाबलं. ती घरघर घरात पुन्हा सुरू झाली. किती संध्याकाळी मी त्या आवाजाला वैतागून टीव्ही मोठा केला असेल. त्या संध्याकाळी मी भिंतीला टेकून तो आवाज नुसता ऐकत बसलो, आणि ती पलंगावर बसली आहे, आता मास्क काढून चहा मागेल, असं वाटत राहिलं.

मग देवापुढे गेलो. समईच लावली. अबोला मीच सोडला. म्हटलं, आजपासून एवढंच. हा राहिला तर तुझा, गेला तरी तुझा, मी वाफ देत राहीन. एवढं बोललो आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलो.

दाणू लगेच उठला नाही. रोज त्याला कानाशी धरून छातीतला आवाज ऐकायचो. सगळे मूषकाच्या कानात आपलं सांगत होते, त्याचं ऐकायचं मात्र राहून गेलं होतं. मग एका सकाळी त्यानं माझ्या बोटांतली भुईमुगाची शेंग दोन्ही हातांत धरून घेतली आणि सोलायला लागला. टरफल माझ्या मांडीवर पडलं. ते मी बराच वेळ तिथंच राहू दिलं.

दवाखान्यातल्या त्या बाई कोणी अवतार वगैरे नव्हत्या. पुढे दोनदा भेटल्या, त्यांची मांजर झकास आहे. चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. पण त्या सकाळी माझ्या शेजारची जागा रिकामी होती आणि त्याच तिथं येऊन बसल्या, एवढं मी विसरत नाही.

यंदा गणपतीत मंडळी नेहमीसारखी आरतीला आली. सिंधूताईंच्या हातात धूप होता. मी दार उघडलं आणि काही ठरवायच्या आत तोंडातून निघून गेलं, "धूप बाहेर ठेवा हं, घरात दम्याचं माणूस आहे."

माणूस म्हटलं, हे माझ्याही उशिरा लक्षात आलं. कुणी हसलं नाही. सिंधूताईंनी धूप पायरीवर ठेवला आणि हळूच म्हणाल्या, "व्हय काका, ध्यानात राह्यलं नाय माझ्या." आरतीचं पहिलं कडवं मला म्हणता आलं नाही. हे वाक्य तिच्याबरोबरच गेलं असं मी धरून चाललो होतो.

दाणूला बरं कर, असं मी मागत होतो. तो पूर्ण बरा झालेला नाही, होणारही नाही, आणि त्याचं वय झालं आहे. पण ज्याच्यासाठी धूप दाराबाहेर थांबवावा असं कुणीतरी देवानं माझ्या घरात पुन्हा आणून ठेवलं, आणि ते मागायचं मला सुचलंही नव्हतं. त्याचे उपकार कसे फेडावेत, मला कळत नाही. आता मी मागतच नाही, समई लावतो आणि हात जोडतो. त्या संध्याकाळी प्रसाद घेऊन मंडळी पुढच्या घरी गेली, जाताना पायरीवरचा धूप उचलून घेऊन गेली. मी दार लावलं, मशीन सुरू केलं आणि दाणूजवळ जाऊन बसलो.