गुरुदास मास्तरांनी घातलेलं गाऱ्हाणं

गुरुदास चिंदरकरांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा आमच्यात पाऊण मैलाचं अंतर होतं. मी होडीतून खाडी ओलांडत होतो. पलीकडच्या काठावरून असा काही आवाज आला, की होडीवाल्याच्या हातातलं वल्हं सुटलं, टोपलीतल्या मेलेल्या बांगड्यांनी कूस बदलली आणि समोरच्या माडावर चढलेला एक गडी उतरायला सुरुवात करण्याआधीच खाली पोचला. आवाज म्हणत होता, "सर्व सभासदांस कळविण्यात येते की..."

"घाबरू नकात," होडीवाला मला म्हणाला. "आमचो मास्तर तो. लायटीचो."

१९५८ साली तारवाडीत वीज सहकारी संस्था निघाली. सभासद एकशे वीस, इंजिन येणार होतं, खांब येऊन पडले होते. त्या खांबांवर बायका जाळी वाळत घालीत. संस्थेला चिटणीस हवा होता म्हणून मास्तरांनी शाळेतली कायमची नोकरी सोडली. घरी लक्ष्मीवहिनी आठ दिवस बोलल्या नाहीत; मास्तरांच्या ते नवव्या दिवशी लक्षात आलं.

चिटणिसाचं काम म्हणजे सभासदांना माहिती देणं. मास्तर दर महिन्याला सुंदर अक्षरात सूचना लिहून घरोघर पोचवीत. पण कचेरीचा कागद कधी बरी बातमी आणत नाही, असा तारवाडीचा अनुभव. तो दिसला की लोक मागच्या दाराने बागेत जात. मग मास्तरांनी पत्र्याचा कर्णा करून घेतला. लोक त्या आवाजाला सरावले आणि त्यातही झोपू लागले.

लागोपाठ दोन वार्षिक सभा माणसांअभावी बुडाल्या. १९६०च्या डिसेंबरात वरच्या कचेरीचं पत्र आलं: येत्या रविवारी सभेला एक्केचाळीस सभासद हजर राहून सह्या करतील तर ठीक, नाहीतर संस्था रद्द.

मास्तरांनी ते पत्र मला दाखवलं. शाळेत त्यांच्या जागी दुसरा मास्तर बसला होता. एकशे वीस उंबऱ्यांवर त्यांनी स्वतःच्या तोंडाने उजेडाचा शब्द दिला होता. "संस्था गेली तर मी कोण?" त्यांनी विचारलं. मला विनोद सुचला नाही.

त्याच आठवड्यात रवळनाथाची जत्रा होती. देवासमोर गाऱ्हाणं घालताना, म्हणजे गावाच्या वतीने मागणं मागताना, सगळा गाव जिवाचा कान करून ऐकतो, हे मास्तरांना सुचलं आणि ते आनंदाने उडालेच. मानकरी बाबली गावकरांच्या हातापाया पडून त्यांनी परवानगी मिळवली आणि देवळात उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! रविवारी शाळेत सभा आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजला.

"एक्केचाळीस सह्या होवंक व्हयत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तारवाडीत उजेड पडांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देवळाची कौलं हलली. मास्तर रडत घरी गेले. बोलण्याची सुरुवात लक्ष्मीवहिनींनी केली, असं तीन वर्षांत पहिल्यांदा घडलं.

रविवारी दुपारी तीनला शाळेत कचेरीचे निरीक्षक आणि मी सोडून अकरा माणसं होती. चारला बारा. मास्तर समुद्राकडे धावत सुटले. मीही मागे धापा टाकत. वाळूत रापणीचं लांबलचक जाळं किनाऱ्यावर ओढणं चाललं होतं. निम्मे सभासद त्या एका दोरीला.

"गुणाजी, अरे सभा!"

"आसा मां," दोरी न सोडता गुणाजी म्हणाला. "गाऱ्हाणां घातलात मां तुमी? मगे?"

"मगे चल!"

"असां कसां चलाचां, मास्तरानू? एकदा देवाक सांगलां ता देवाचां काम. मदीच आमी गेलंव तर त्येका वाटात, ह्यांचो माझ्यार इस्वास नाय."

"अरे पण सही कोण करतलो? देव?"

"करीत नाय कशाक?" मासळी वेचणारी हिरा म्हणाली. "तुमच्यापेक्षा बरां अक्षर आसतलां त्येचां."

सगळे हसले. कुत्सितपणे नाही, मास्तरांवर त्यांचा फार जीव. मास्तर वाळूत गुडघ्यावर बसले आणि हात जोडले. लोक संकोचले, दोघातिघांनी त्यांना धरून उठवलं, एकाने अंगावरची वाळू झटकली. आला कोणी नाही.

तिथून बाबली गावकरांच्या घरी. "गाऱ्हाणां परत घेवंक येतां काय?" मास्तरांचा खाडी ओलांडणारा आवाज आता अंगणही ओलांडत नव्हता.

बाबलींनी खूप विचार केला. "घालूची रीत आसा," ते हळूच म्हणाले. "परत घेवची नाय."

आम्ही शाळेत परतलो तेव्हा निरीक्षक सायकलवर टांग मारीत होते. वहीत सह्या बारा होत्या. त्यांतली एक लक्ष्मीवहिनींची, आणि त्या सभासद नव्हत्या.

संस्था ३१ मार्च १९६१ रोजी रद्द झाली. मास्तरांनी पुढची अकरा वर्षं कसालला मेव्हण्याच्या दुकानात कापड मोजलं.