अटींसकट सुनंदाताई

सुनंदाताई कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेल्या की उभ्या उभ्याच सांगून टाकायच्या. "जय भीम. मी सुनंदा मेश्राम, नर्स. मला गोळ्यांचं व्यसन होतं. आता नाही. चहा चालेल, साखर जरा जास्त." मग खुर्चीवर बसायच्या. ऐकणाऱ्याने आपल्या चेहऱ्याचं काय करायचं ते ऐकणाऱ्याने ठरवायचं. नॉटिंगहॅममधल्या आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत त्या वाक्यानंतर फक्त किटलीचा आवाज उरायचा. ताई निवांत असायच्या. "आधीच सांगून टाकलं की नंतर कोणी सांगायला उरत नाही," म्हणायच्या.

मी त्यांना ओळखते ती या वाक्याच्या आधीपासून. मी दिग्रसची, मराठी शाळेत शिकलेली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. नर्सिंगची पदवी घेऊन इथल्या एका सरकारी हॉस्पिटलात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या पेशंटने मला 'डक' म्हटलं आणि मी स्टाफरूममध्ये जाऊन रडले. वॉर्डवरच्या सीनियर नर्स सुनंदाताई आत आल्या. मूळच्या नागपूरच्या, इथे बरीच वर्षं काढलेल्या. "काहून रडतं वं? इथले म्हातारे सगळ्यांनाच बदक म्हणतात. लाडानं. ते बदक म्हणायचं थांबले की समज, आता दुखतंय."

इथल्या नर्सच्या रजिस्टरवर नाव लागण्यासाठी प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. ती तयारी ताईंनी त्यांच्या बैठकीच्या खोलीत माझ्याकडून करून घेतली. सोफ्यावरची उशी म्हणजे पेशंट. मी उशीला मुकाट्याने पट्टी बांधायला लागले, तर त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "उशी असली म्हणून काय झालं? तिला सांग आधी, काय करणार ते. न सांगता कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही." आज मी इथे नर्स म्हणून उभी आहे त्यात त्या चापटीचा वाटा मोठा आहे. म्हणून पुढचं लिहिताना माझा आवाज चढला तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं.

एका जड पेशंटला सावरताना ताईंची पाठ धरली. डॉक्टरांनी कोडीनच्या, अफूच्या जातीच्या वेदनाशामक गोळ्या दिल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. डॉक्टरांनी देणं थांबवल्यावर, घरी गेलेले पेशंट वॉर्डात मागे ठेवून जातात त्या औषधांतून ताई गोळ्या घ्यायला लागल्या. ती औषधं फार्मसीला परत करायची असतात. रविवारी आम्ही काही जण एका कम्युनिटी सेंटरच्या हॉलमध्ये बुद्धवंदनेला जमायचो. ताई पुढे बसून सांगायच्या, आम्ही मागून म्हणायचो. त्या दिवसांत नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की त्यांचा आवाज जायचा. मला वाटायचं, घसा बसला असेल.

मग एका सकाळी त्या आपण होऊन मॅनेजरच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. कुणी पकडलं नव्हतं. कुणाला संशयही नव्हता. ही गोष्ट नंतर सगळे विसरले, म्हणून मी मुद्दाम लिहिते आहे.

त्यांनी चूक केली नाही असं मी म्हणत नाही, त्याही कधी म्हणाल्या नाहीत. "चोरी म्हणजे चोरी. पेशंटची औषधं होती ती." नोकरी गेली. उपचार झाले, व्यसनमुक्तीच्या गटात जाणं सुरू झालं, गोळ्या सुटल्या. नर्सिंगच्या मंडळाने चौकशी केली आणि रजिस्टरवरून नाव काढलं नाही. अटी घातल्या. गोळ्यांची खूण केसांत राहते, म्हणून केसांची तपासणी देत राहायची. मॉर्फिनसारखी, नशा लावणारी औषधं एकटीने हाताळायची नाहीत. कुणीतरी वरिष्ठ नर्सने देखरेख करून अहवाल द्यायचा. आणि नोकरी मागायला जाल तिथे या अटी आधी दाखवायच्या. नर्स म्हणून काम करून चांगला अहवाल आणला, की पुढच्या सुनावणीत अटी काढण्याचा विचार होईल. काम झालंच नाही, तर कधी ना कधी रजिस्टरवरचं नावही जाईल. केसांच्या तपासणीचं ताईंना काही वाटत नसे. मानेमागची कापलेली बट दाखवून म्हणायच्या, "माझ्या वेणीचा रिपोर्ट माझ्या कुंडलीपेक्षा जास्त लोकांनी वाचला."

म्हणजे आता एक नोकरी हवी होती. या देशात नर्स मिळत नाहीत म्हणून दिग्रसच्या मुलीला विमानाने आणतात. नॉटिंगहॅममध्ये राहणाऱ्या, वर्षानुवर्षं इथेच काम केलेल्या नर्सला मात्र नोकरी मिळेना. फोनवर नर्स पुरवणाऱ्या एजन्सीची बाई आधी 'लव्हली, लव्हली' करायची. ताई अटी वाचायला लागल्या की तिचा आवाज बदलायचा. "वुई विल बी इन टच." म्हाताऱ्यांच्या एका केअर होमच्या मॅनेजरने तर ताईंचं बोलणं चालू असताना खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि टेबलाखाली पायाजवळ ठेवली. हे सांगताना ताई हसल्या. मी हसू शकले नाही. ताई म्हणाल्या, "अगं, तिची पर्स रेक्झिनची होती. मी घेणार असते तर चांगली घेतली असती."

केअर असिस्टंट म्हणून मात्र त्या सगळ्यांना चालत होत्या. म्हाताऱ्यांना आंघोळ घाला, भरवा, मरणाऱ्याचा हात धरून बसा, तिथे कुणाला त्यांची भीती वाटत नव्हती. पोटासाठी ताईंनी ते काम धरलं आणि मनापासून केलं. पण नर्सच्या हुद्द्याचं काम नाही, म्हणून मंडळाच्या हिशेबी ते धरलं जात नव्हतं.

आमच्याच वॉर्डवर जागा रिकामी होती. मी धीर करून आमच्या वॉर्ड मॅनेजर जॅनेटकडे गेले. ताईंना ती चांगली ओळखत होती.

"आय नो, लव्ह," ती म्हणाली. "शी वॉज ब्रिलियंट. पण तिच्यावर लक्ष ठेवायला माणूस कुठून आणू?"

मी म्हटलं, "मॉर्फिनच्या कपाटाशी आपण सगळ्याच दोघी-दोघी जातो. एक काढते, दुसरी बघते, दोघी सही करतात. तुम्हीसुद्धा एकट्या काही काढत नाही."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

जॅनेट वाईट नाही. तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "उद्या काही झालं तर मला विचारतील, माहीत असून का घेतलंस. माहीत नसतं तर गोष्ट वेगळी होती."

तिच्या पाठीमागे भिंतीवर हॉस्पिटलचं पोस्टर होतं. 'मनातलं बोला. आम्ही ऐकतो आहोत.' ते वाचून माझं डोकं फिरलं. ताई बोलल्या होत्या ना! ऐकलं कुणी? मी खाली आले आणि दिवसभर विचार करत राहिले, की या इमारतीत अजून न बोललेल्या किती जणी असतील. त्या सगळ्यांच्या नोकऱ्या शाबूत आहेत. गप्प बसणाऱ्याला पगार आणि बोलणाऱ्याला दाराबाहेरचा रस्ता, हा न्याय मला तरी शाळेत कुणी शिकवला नव्हता.

मंडळाची पुढची सुनावणी व्हिडिओवर झाली. सोबत म्हणून मी ताईंच्या स्वयंपाकघरात, कॅमेऱ्यात न येता बसले होते. केसांचे रिपोर्ट स्वच्छ होते. पॅनेलमधल्या बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, "या काळात तुम्ही नर्स म्हणून काम का केलं नाही?"

ताई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही लिहून दिलेलं मी सगळ्यांना वाचून दाखवलं, म्हणून."

पॅनेलने नोंद घेतली आणि त्याच अटी पुढे चालू ठेवल्या. योग्य नोकरी शोधत राहावं, असा सल्लाही दिला. ताईंनी लॅपटॉप मिटला. "डॉक्टरनं औषध लिहून दिलं आणि गावात दुकानच नाही," म्हणाल्या. मग ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. "पोरी, मी गोळी घेत नाही हे सांगायला माझे केस आहेत. मी नर्स आहे हे सांगायला पेशंट लागतो ना बापा. तो कोठून आणू?"

आमच्या वंदनेच्या गटाचे प्रमुख वासनिककाका. कॉम्प्युटर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, सगळ्यांना मदत करणारे. ताईंचं प्रकरण कळल्यावर त्यांनीच हळूच सुचवलं होतं, की थोडे दिवस वंदना दुसऱ्या कुणी घ्यावी. ताईंनी ऐकलं नव्हतं. "भाऊ, पाचवं शील आता कुठं मी मोठ्यानं म्हणू शकते, आणि आताच गप्प बसू?" सुनावणीनंतर मात्र काकांना राहवलं नाही. "ताई, तुमचा सीव्ही मी नीट करून टाकतो," म्हणाले, आणि ताईंना न दाखवता परस्पर पाठवलाही. काही दिवसांतच एका चांगल्या नर्सिंग होममधून बोलावणं आलं.

मुलाखत सुरू होताच समोरच्या बाईंनी आपुलकीने विचारलं, "तुमच्या आई आता बऱ्या आहेत का?"

काकांनी मधल्या काळासमोर लिहिलं होतं, नागपूरला आजारी आईची सेवा. ताईंची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. ताई म्हणाल्या, "आई केव्हाच गेली. आजारी मी होते." आणि पर्समधून अटी काढून टेबलावर ठेवल्या. संध्याकाळी नकाराचा मेल आला.

त्या रविवारी हॉलबाहेर काका चिडलेच. "अहो ताई, घास तोंडाशी आला होता! तुमची आई काय उठून साक्ष द्यायला येणार होती?"

"भाऊ, जिवंत असताना तिला माझ्यापायी कधी खोटं बोलावं लागलं नाही. मेल्यावर काहून बोलायला लावता?"

"मी तुमच्या भल्यासाठीच केलं."

"माहीत आहे मला. पण लपवलं असतं आणि मंडळाला कळलं असतं, तर नाव कायमचं गेलं असतं. आणि दुसरं सांगू? मी तोंड बंद ठेवलं होतं, तेव्हाच सगळं बिघडलं होतं."

घरी जाताना काकांनी ताईंना आपल्या गाडीतून सोडलं, एवढं मी पाहिलं.

त्यानंतर ताई दूरदूरच्या जाहिराती बघायला लागल्या. लिंकनशरच्या किनाऱ्यावर, एका आडगावी छोटं हॉस्पिस आहे. जिथे माणसं शेवटचे दिवस काढायला येतात, तसं. तिथल्या मेट्रन ब्रिजेट, वयस्कर आयरिश बाई. ताईंनी फोनवर नेहमीप्रमाणे सगळ्या अटी शेवटपर्यंत वाचल्या आणि 'वुई विल बी इन टच'ची वाट बघत थांबल्या. पलीकडून आवाज आला, "बरं. गाडी चालवता येते का? इथे बस येत नाही."

"मी म्हटलं, येते," ताई मला सांगत होत्या. "आणि फोन ठेवून अशी रडली, अशी रडली, का शेजारीण भिंत ठोकायला लागली."

मी त्यांना भेटायला गेले. नर्सच्या गणवेशात त्यांना पाहून मी दारातच थांबले. औषधांच्या कपाटाशी ब्रिजेट आणि ताई उभ्या होत्या. एकीने नाव वाचलं, दुसरीने औषध पाहिलं, दोघींनी सही केली. ताईंना घेण्याचं धाडस कसं केलंत, असं मी चहाच्या वेळी ब्रिजेटना विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही. "इथे रोज मॉर्फिन लागतं. दोन नर्स तर लागतातच. त्यातली एक ही."

आमच्याकडची माणसं हल्ली म्हणतात, बघा, शेवटी सगळं नीट झालं ना! या वाक्याचा मला फार राग येतो. नीट झालं ते एका म्हाताऱ्या बाईने फोनवर साधा प्रश्न विचारला म्हणून. तो प्रश्न कुठल्या नियमात नव्हता. ब्रिजेट त्या आधीच्या वर्षी निवृत्त झाल्या असत्या तर? आणि ज्या नर्सला गाडी चालवता येत नाही, घरी लहान मुलं आहेत, तिने काय करायचं? ताईंना राग आला नाही का, असं मी तिथून निघताना विचारलं होतं. "आला ना. पण त्याला कामाला लावीन. बसून खाऊ घालणार नाही," त्या म्हणाल्या.

पुढच्या सुनावणीला ब्रिजेटचा अहवाल गेला आणि मंडळाने सगळ्या अटी काढल्या. ब्रिजेट निवृत्त झाल्या, ताई त्यांच्या जागी आल्या. आमच्या वॉर्डवरची ती जागा अजून रिकामी आहे. रोज एजन्सीची वेगळी नर्स येते, आणि कपाटाशी आम्ही अजून दोघी-दोघीच जातो.

परवा दुपारी मी ताईंना सहज फोन केला. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "नंतर कर पोरी. मँचेस्टरहून एक मुलगी आली आहे, अटींवाली. कोणी उभं करत नव्हतं तिला. औषधं द्यायची वेळ झाली. तिच्या बाजूला दुसरी नर्स लागते, आणि ती मी आहे."