ओहोटीला सोडलेलं पाणी

मी देशावरची. आमच्याकडे पाणी एकाच दिशेला जातं, उताराकडे. लग्न होऊन खाडीकाठच्या कोपरला आले तेव्हा सासऱ्यांनी खाडी दाखवली आणि हे पाणी दिवसातून दोनदा उलटं येतं, असं सांगितलं. मी इंजिनियर, मान डोलावली आणि विसरून गेले. त्याची शिक्षा सगळ्या घराने भोगली.

माझी नोकरी डोंगरातल्या धरणावर. पायथ्याशी छोटं वीजघर आहे, त्यातून पाणी थोडं थोडं सुटतं, आणि वर दरवाजे, त्यातून एकदम. काय कधी चालवायचं ते आम्ही पातळी बघून ठरवतो. गेल्या पावसाळ्यात एका अमावास्येला पहाटे धरण भरत आलं, म्हणून सहा वाजता मी दरवाजे उघडले. भोंगा वाजवला, खाडीतल्या होडीवाल्यांना निरोप दिले, कागदावर सगळं चोख. ते पाणी सहा तासांनी खाली पोचलं, ते ऐन भरतीत. समुद्राचं पाणी वर येतंय, धरणाचं खाली चाललंय, आणि दोघांना जागा नाही. शेवटी ते आमच्या स्वयंपाकघरात शिरलं.

सासूबाई चिडल्या, शेजारी नको नको ते बोलले. सासऱ्यांचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं, उरलेलं होडीवर. त्यांनी फक्त आपल्या खाटेच्या चारही पायांखाली विटा लावल्या. घर वाळलं तरी विटा तशाच. रोज डबा भरताना त्या दिसायच्या आणि माझं डोकं फिरायचं. राग त्यांचा नव्हता, माझाच होता.

मग एकदा वही घेऊन त्यांच्यासमोर बसले. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणाले. अमावास्येचे पंधरा धरायचे, म्हणजे सव्वा अकरा. ती समुद्रावरची वेळ. आमच्या दारात यायला आणखी दीड तास, म्हणजे पावणेएक. एवढ्या हिशोबावर ते मिठागराच्या बांधाचं लाकडी दार वर्षानुवर्षं उघडत नि लावत आले होते. म्हणजे दारं चालवण्यात ते मला सीनियर निघाले.

"गो पोरी," ते म्हणाले, "धरनाचं पानी तुजं, खारीचं आमचं. दोघांना एकाच येलंला दारात आनू नको."

यंदा अमावास्येलाच मुसळधार पावसाचा इशारा आला. मी साहेबांना म्हटलं, दोन दिवस आधीपासून वीजघर पूर्ण ताकदीने चालवून पातळी उतरवू, आणि दरवाजे आठच्या आत उघडायचे नाहीत, म्हणजे पाणी दोनला, ओहोटीत पोचेल. साहेब हसले. "मॅडम, आता पंचांग बघून धरण चालवायचं का?" मी वही पुढे केली, शेजारी भरतीचं छापील कोष्टक ठेवलं. वेळा जुळत होत्या. ते तयार झाले, पण एका अटीवर: पाणी धोक्याच्या लाल रेषेला टेकलं की घड्याळ बघायचं नाही.

सहा वाजता पाणी रेषेखाली वीतभर होतं. साडेसातला चार बोटं. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. साहेब माझ्याकडे बघायचं टाळत होते. आठ वाजले तेव्हा दोन बोटं उरली होती. मी बटण दाबलं, दरवाजे उचलले गेले आणि सगळ्यांसमोर मी चक्क टाळ्या वाजवल्या.

दोन वाजून गेल्यावर सासऱ्यांचा फोन आला. "तुजं पानी आलं. ओहोटीबरोबर निगालं पन. उंबरा कोरडा हाय."

मी रडले, आणि इतक्या आनंदाने आयुष्यात कधी रडले नव्हते. साहेबांनी चहा मागवला आणि पुढच्या पौर्णिमेची भरती किती वाजता, ते विचारून घेतलं.

संध्याकाळी घरी गेले. विटा अंगणात, भिंतीशी नीट रचलेल्या होत्या. आत खाट जमिनीवर टेकली होती आणि तिच्यावर सासरे घोरत पडले होते.