दोरीत बसवलेलं जेवण

मला चांगलं म्हणता येत नाही. बायको म्हणते, "तुमच्या तोंडातनं 'बरं हाय' एवढं निघालं तरी मी समजते, आज भाजी फक्कड झालीय." मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तीस वर्षं मी भरे, पिरंगुट, पौड या भागात भिंती आणि पाट्या रंगवल्या. खताच्या जाहिराती, शाळांची नावं, टेम्पोच्या मागचे आशीर्वाद, सगळं या हातानं लिहिलं. अक्षर वाकडं दिसलं की माझं डोकं दुखायला लागतं, आणि आजकाल ते रोजच दुखतं.

कारण फ्लेक्स आला. ज्याला स्वतःची सही धड करता येत नाही, तोही पाटीवाला झाला. कंप्युटरवर अक्षर ओढायचं, ताणायचं, त्याला सोनेरी कड लावायची, की झालं! चौकाचौकात वाढदिवसवाल्यांचे गॉगल घातलेले चेहरे लागले आणि माझे ब्रश डब्यात वाळून काटक्या झाले.

अशा वेळी मारुंजीहून एक माणूस मला शोधत आला. कंप्युटरच्या कंपनीत होता, केसांची शेंडी मागं बांधलेली. परदेशात असताना तो भिंतीवर स्प्रेनं अक्षरं काढायला, म्हणजे ग्राफिटी शिकून आला होता, आणि आता एका इमारतीच्या पार्किंगमध्ये दर रविवारी सकाळी त्याचा क्लास घ्यायचा. माझी एक जुनी भिंत त्यानं कुठंतरी पाहिली होती.

"सर, आमच्या बिगिनर्सना तुम्ही फीडबॅक द्याल का?"

"म्हणजे काय करायचं?"

"त्यांनी काढलेली अक्षरं बघायची आणि काय वाटतं ते सांगायचं."

"नावं ठेवायची ना? जमंल की," मी म्हटलं.

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

पहिल्याच रविवारी त्यानं मला बाजूला घेऊन पद्धत समजावली. आधी एक चांगली गोष्ट सांगायची, मग चूक, मग पुन्हा एक चांगली गोष्ट. म्हणजे शिकणाऱ्याचं मन मोडत नाही. वडापावच हा, वर-खाली मऊ पाव आणि मधे वडा. आमच्या उस्तादानं मला पहिल्या वर्षी फक्त डबे धुवायला लावले होते, आणि माझं मन मोडलं का राहिलं हे बघायला तो काही वाकला नव्हता. पण म्हटलं, ठीक आहे, यांच्या घरी यांची रीत. पहिल्या माणसाच्या कागदापुढं उभा राहून मी चांगली गोष्ट शोधायला लागलो. बराच वेळ शोधली. शेवटी म्हणालो, "कागद चांगला हाय." त्यानंतर त्या बांधलेल्या शेंडीनं मला पद्धत समजावली नाही.

काय काढायचे एकेक जण! अक्षराचा पत्ता नाही, पण त्याला बाण आधी. बाणाला शेपूट, शेपटीला चांदणी. रंग ओघळलाय असं दाखवायला मुद्दाम ओघळ काढायचे. अरे, माझं उभं आयुष्य ओघळ पुसण्यात गेलं आणि तुम्ही तो हौसेनं काढताय? सावली डाव्या बाजूलाही आणि उजव्या बाजूलाही, यांच्याकडं बहुतेक दोन सूर्य उगवत असावेत. मी कागद उलटा धरून भिंतीला लावायचो. पाटी रंगवणाऱ्यांची ही जुनी सवय आहे. उलटं धरलं की शब्द वाचता येत नाही, नुसता आकार दिसतो, आणि कोणतं अक्षर कुठं कलंडलंय ते लगेच कळतं. "सांगाडा कुटं हाय?" मी विचारायचो. "हाडं न्हाईत आन् दागिनं घालताय?"

यावर ठरलेलं उत्तर यायचं, "सर, ही माझी स्टाईल आहे."

स्टाईल! तिसऱ्या रविवारी स्टाईल आली. मला तीस वर्षांत आली नाही. स्वतःला धड उभा दांडा काढता येईना, की त्याला स्टाईल म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. क्लासचा निम्मा वेळ तर फोटो काढण्यात जायचा. स्प्रेचा डबा हातात, तोंडाला मास्क, नजर लांब कुठंतरी. डब्यातला रंग संपायच्या आधी फोटो जगभर फिरून यायचा. मी त्यांना मनापासून तुच्छ समजत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडत होतं. कित्येक वर्षांनी कुणीतरी माझं ऐकून घ्यायला उभं राहत होतं.

पाऊस सरता सरता एका रविवारी एक बाई आली. चाळिशीची, साडीचा पदर खोचलेला, हाताला पिठाचा वास. क्लासच्या मागच्या गल्लीत तिनं नुकतीच खानावळ टाकली होती. मूळची पौडाकडच्या रिहे गावची. नवरा गेल्यावर भावाच्या घरी राहिली, मग कंपनीच्या कँटिनला लागली, ते कँटिन बंद झालं तेव्हा ही खोली भाड्यानं घेतली. मालकानं गल्लीच्या तोंडाशी बोर्ड लावू दिला नाही, टेम्पो वळताना घासतो म्हणून. पण रस्त्याच्या बाजूची भिंत रंगवायला परवानगी दिली. हिंजवडीला जाणारी सगळी गाडीवाली पोरं त्या भिंतीपुढून जायची. ती वळली तर खानावळ चालणार.

"दिवाळीपत्तूर बघनार," तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं. "न्हाई चाललं तर परत भावाच्या दारात. वहिनी काय बोलत न्हाई, पर ताट वाढताना माज्याकडं बघत न्हाई. त्यापरीस मेलेलं बरं."

मी म्हटलं, "मी देतो रंगवून. एका दिवसाचं काम हाय."

"नगं दादा. जेवान मी रांधनार, मंग नाव दुसऱ्यानं का लिवायचं? मला शिकवा."

मग तिनं कागदावर आपला शब्द काढला. 'जेवण'. एवढाच. बाकी सगळे इंग्रजीत स्वतःची टोपणनावं काढत होते. मी तिच्या कागदाकडं पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ज एका बाजूला रेललेला, व चं पोट सुटलेलं, इतकं की ण ला बसायला जागा नाही, तो बिचारा अंग चोरून कोपऱ्यात. ज वरची मात्रा कुठल्या कुठं वर गेलेली. तिन्ही अक्षरांचे दांडे एकमेकांच्या अंगावर पडत होते.

दोन पोरी येऊन त्या कागदापुढं थांबल्या. त्यातली एक म्हणाली, "बघूनच भूक लागली यार."

"तुमाला भूक लागली असंल, अक्षराला हगवण लागलीय," मी म्हणालो.

पोरी पुढच्या कागदाकडं सरकल्या. बाईचा चेहरा पडला, पण तिनं पदरानं हात पुसले आणि विचारलं, "मंग कसं करू?"

आता हे मला नवीन होतं. क्लासमध्ये कुणी मला 'कसं करू' असं विचारलं नव्हतं, सगळ्यांनी 'का' विचारलं होतं. मला चेव आला. मी तिला दोरी मारायला शिकवलं. सुतळीला खडूची पूड चोळायची, दोन टोकांना ताणून धरायची, मधे बोटानं उचलून सोडायची, फट्ट! भिंतीवर सरळ पांढरी रेघ उमटते. एक रेघ वर, एक खाली. अक्षर या दोन रेघांच्या बाहेर जाता कामा नये. दांडा ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा पाहिजे. व चं पोट ज च्या पोटाएवढंच. दोन अक्षरांत चार बोटांचं अंतर, ना जास्त ना कमी.

ती तेलाच्या खोक्यांचे पुठ्ठे उकलून त्यावर सराव करायची. दुपारची गिऱ्हाइकं, म्हणजे असतील ती दोन-चार, उठली की बसायची. दर रविवारी पुठ्ठ्यांची चवड आणायची आणि मी एकेक उलटा धरून फेकायचो. "पोट सुटलं. पुन्हा." "दांडा प्यालाय का? पुन्हा." "मात्रा खाली घ्या, पतंग न्हाई उडवायचा." तिनं एकदाही स्टाईल म्हटलं नाही. मान डोलवायची आणि पुढच्या रविवारी ती चूक गेलेली असायची. बाकीच्यांना मी तिचं उदाहरण द्यायचो, "बघा, ही बाई भाकऱ्या थापून येते आन् तुमच्यापरीस सरळ लिहिते!" तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही, की तिच्या पुठ्ठ्यांपुढं आता कुणी थांबत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या रविवारी तिनं भिंत रंगवली. पांढऱ्यावर लाल. मी मुद्दाम रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवरून पाहिलं. भिंत नेहमी पलीकडून बघावी, जवळून सगळंच बरं दिसतं. डोळे बारीक करून पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. एक चूक सापडेना. दांडे ओळंब्यात, अंतर चार बोटं, कडा सुरीनं कापल्यासारखी. मी परत गेलो आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी म्हणालो, "उत्तम."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "तुमी सांगितलं तसंच केलं बगा."

मग मी रोज संध्याकाळी त्या टपरीवर जाऊन बसायला लागलो. गिऱ्हाईक मोजायला नव्हे, माझी भिंत बघायला. हो, माझीच म्हणायचो मनातल्या मनात. सुटलेल्या कंपन्यांची गर्दी यायची, मोटारसायकली, कंपनीच्या बसेस, पायी चालणारे. सगळे भिंतीपुढून जायचे. कुणाची मान वळायची नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, घाईत असतील. तिसऱ्या दिवशी वाटलं, या मोबाईलवाल्यांना डोळेच नाहीत. आठव्या दिवशी चहावाला म्हणाला, "पेंटर, समोरच्या भिंतीवर काय जाहिरात हाय व्हय?" तो रोज त्या भिंतीसमोर उभा राहून चहा उकळत होता!

मी मान उचलून नीट पाहिलं. ते अक्षर मी तीस वर्षं लिहिलेलं अक्षर होतं. 'भाड्याने देणे', 'येथे वाहने लावू नयेत', 'लघवी करू नये', सगळं याच अक्षरात. माणसं जी पाटी वाचून पुढं जातात, वाचलीय हेही ज्यांच्या लक्षात राहत नाही, ती पाटी. फ्लेक्सनं मला खाल्लं असं मी सांगत आलो होतो. त्या टपरीवर मला पहिल्यांदा शंका आली, की मी जाताना कुणी वळूनसुद्धा बघितलं नसावं.

दिवाळी पंधरा दिवसांवर होती. मी खानावळीत गेलो. दोन पोरं जेवत होती, बाकीच्या बाकांवर ताटं पालथी. बाईनं मला पाणी दिलं आणि हळूच विचारलं, "दादा, कुनी वळंना. अक्षरात काय चुकलंय का? खरं सांगा, मला राग न्हाई यायचा."

"अक्षरात काय चुकलं न्हाई."

"मंग?"

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे शब्द माझ्या तोंडाला सवयीचे नाहीत, तेव्हा ते कसे बाहेर पडले कोण जाणे. "चुना मारा त्या भिंतीला. पयल्या दिवशी काढलं व्हतं तसं काढा. व चं पोट सुटू द्या. जाऊ द्या मात्रा वर. दोरी नगं, काय नगं. तुमचं तुमी काढा."

तिला वाटलं असेल, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण मी सांगितलं की करायचं, ही सवय मीच लावली होती. तिनं खडू आणला आणि भटारखान्याच्या काळ्या ओट्यावर काढायला लागली. ज काढला. सरळ. पुसला. पुन्हा काढला, तोही ओळंब्यात. व चं पोट फुगवायला गेली आणि हात बरोबर ज च्या पोटाएवढा फिरून थांबला. मात्रा आपोआप खाली बसली. चार बोटांचं अंतरसुद्धा न मोजता बरोबर पडत होतं.

पाच-सहा वेळा तिनं पुसलं. चुलीवर आमटी उकळून ऊतू जायला लागली तरी तिचं लक्ष नव्हतं.

"पयलं कसं काढलं व्हतं तेच आठवंना," ती म्हणाली. रागावली नव्हती. ती मला खरंच विचारत होती, प्रत्येक रविवारी विचारायची तसं. "हात वाकडा जाईनाच आता. डाव्या हातानं काढून बगू का, दादा?"

खडू डाव्या हातात धरून ती माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली.