भेदभाव होतच नाही, मग लिहायचं कशाला?

मंडळी, आज दुपारी मीटिंगमध्ये माझा आवाज चढला आणि त्याचं मला अजिबात वाईट वाटत नाहीये.

मी शिकवते ते विद्यापीठ एका धार्मिक ट्रस्टचं आहे. आज भेदभावविरोधी धोरण मंजूर व्हायचं होतं. जात, धर्म, लिंग, अपंगत्व, सगळं होतं त्यात. मी म्हटलं, 'लैंगिक कल' हेही घाला. मागच्या महिन्यात एक मुलगा गे आहे असं कळल्यावर त्याला हॉस्टेल सोडायला लावलं. तिथे बसलेल्या सगळ्यांना हे माहीत होतं.

विश्वस्त हसून म्हणाले, "मॅडम, आपल्याकडे सगळी देवाचीच लेकरं. भेदभाव होतच नाही, मग लिहायचं कशाला?"

मी म्हटलं, "सर, चांदवडजवळ माझ्या वडिलांचं गाव. तिथेही म्हणायचे, आम्ही जात पाळत नाही. पण वडिलांच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतायचे. कायद्यात लिहिलं गेलं, म्हणून मी आज तुमच्यासमोर या खुर्चीत बसलेय."

विश्वस्तांनी समोरची फाईल मिटली. मग ते म्हणाले, "पुढच्या मीटिंगला बघू."

"चालेल. पण मागणी माझ्या नावानिशी इतिवृत्तात लिहा." ते लिहून झालं, मी वाचलं, तेव्हाच उठले.

इंदिरानगरला घरी येऊन बाबांना सगळं मोठ्या तोऱ्यात सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग त्या पोराला खोली कधी मिळणार?"

उद्या सकाळी मी हॉस्टेलच्या रेक्टरच्या ऑफिसात जाणार आहे. स्टाफपैकी इथे बरेच जण आहात. सोबत कोण येतंय?